पानाच्या पाठीवरचा केवडा

केवडा हा शब्द पुण्याच्या फूलबाजारात उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या मनात वेणीत माळलेल्या पिवळसर पात्याची आणि त्याच्या दाट सुगंधाची स्मृती जागी होते. परंतु तोच शब्द, ऑक्टोबरची छाटणी उरकून नव्या फुटी वाऱ्यावर डोलू लागल्या असताना आणि अवेळी ढगांनी आभाळ भरून आले असताना, निफाडच्या किंवा तासगावच्या एखाद्या बागाईतदारापुढे उच्चारला, तर त्याचा चेहरा उतरतो आणि हातातले काम टाकून तो फवारणीच्या पंपाकडे वळतो. रोगट पानावर प्रथम जी फिकी पिवळी छटा चढते, ती केवड्याच्या पात्याची आठवण करून देणारी असते, आणि म्हणून आमच्या शेतकऱ्यांनी त्या रोगाला ते सुगंधी नाव बहाल केले. उसाच्या पानांत लोहाची उणीव पडून ती पिवळी पडली तरी त्यासही केवडाच म्हणतात; यावरून हे नाव लक्षणाचे आहे, कारणाचे नव्हे, हे ध्यानात येईल. बाजरीच्या कणसाचे दाणे न भरता त्यांच्या जागी हिरव्या पानांचा जटाभार माजतो, तेव्हा त्या रोगाला लोक गोसावी म्हणतात. आणि शास्त्राच्या दृष्टीने हा गोसावी व द्राक्षाचा केवडा एकाच कुळातले, इंग्रजीत ज्याला डाउनी मिल्ड्यू म्हणतात त्या कुळातले होत.

द्राक्षाच्या व बाजरीच्या केवड्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, कारण तेथे पोटाचा आणि पैशाचा प्रश्न आहे. ताटव्यांतल्या शोभेच्या फुलझाडांवर पडणाऱ्या केवड्याची मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही. ज्याने बंगल्यापुढच्या चार हात वाफ्यात हौसेने रोपे लावली आणि जो एके दिवशी सकाळी त्यांचे नागडे दांडे पाहून हळहळला, त्याची हळहळ कोणत्याही खात्याच्या दफ्तरी नोंदली जात नाही. तथापि मला असे वाटते की, या रोगाच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण शेतात घडले नसून फुलांच्या ताटव्यातच घडले आहे. ते प्रकरण म्हणजे विलायतेत बिझी लिझी आणि अमेरिकेत इम्पेशन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडाचा, अवघ्या आठदहा वर्षांत झालेला पाडाव.

हे झाड आपल्याला परके नाही. आपल्या तेरड्याचे ते सख्खे भावंड आहे. ज्या तेरड्याची मुळासकट उपटलेली रोपे भाद्रपदात गौर म्हणून घरात आणून कित्येक कुटुंबांत पुजली जातात, ज्याची पिकलेली बोंडे बोटाचा स्पर्श होताच फट्‍कन फुटतात आणि बी उधळतात, त्या तेरड्याच्या प्रजातीला वनस्पतिशास्त्रज्ञांनी या उतावळ्या बोंडांवरूनच इम्पेशन्स, म्हणजे अधीर, असे लॅटिन नाव दिले. या प्रजातीचा सह्याद्रीत मोठाच विस्तार आहे. कासच्या पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात जो गुलाबी-जांभळा गालिचा पसरतो, त्यातही रानतेरड्याचा वाटा मोठा असतो. विलायतेत गेलेला जो तेरडा, त्याचे माहेर मात्र पूर्व आफ्रिका. केनियापासून मोझांबिकपर्यंतच्या ओलसर, सावलीच्या जागी तो आपोआप वाढतो. हॉरेस वॉलर नावाच्या इंग्रज मिशनऱ्याच्या स्मरणार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याने 1868 साली त्याचे इम्पेशन्स वॉलेरियाना असे नामकरण केले. आणि पुढे झांझिबारहून जॉन कर्क याने पाठवलेल्या रोपांना फुले आली, तेव्हा त्याच झाडाला हूकरने तेथील सुलतानाच्या बहुमानार्थ दुसरेही एक नाव देऊन टाकले. आपल्या दीर्घ आयुष्याची अखेरची वर्षे ज्याने हिंदुस्थानातील तेरड्यांच्या जाती निवडण्यात घालवली, तोच हा हूकर होय.

या उंच, विस्कळीत वाढणाऱ्या आफ्रिकी झाडाला ताटव्याचे झाड बनवण्याचे श्रेय मुख्यतः क्लॉड होप या अमेरिकन माणसाकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला क्विनाइन हवे होते. त्यासाठी सिंकोनाची लागवड करण्याच्या कामी हा गृहस्थ कोस्टारिकात गेला आणि युद्ध संपल्यावर तेथेच रमला. कोस्टारिकातील आपल्या मळ्यात त्याने या रानटी तेरड्याच्या निवडी करीत करीत, बुटकी, भरगच्च, आपोआप फुटवे फोडणारी आणि बी पेरल्यापासून थोड्याच आठवड्यांत फुलणारी वाणे निर्माण केली, आणि 1960 च्या दशकापासून ती जगभर पसरली. या झाडाचा एक गुण असा होता की ज्याला तोड नव्हती: मोठ्या वृक्षाखाली, उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीत, जेथे झेंडू किंवा पिटुनिया यांचे काही चालत नाही, तेथे ते महिनोन्महिने अखंड फुले. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही आपली म्हण या विलायती तेरड्याला लागूच नव्हती. ज्याने आयुष्यात कधी कुदळ हाती धरली नाही अशा माणसालाही ते दगा देत नसे, आणि म्हणून अमेरिकेतील हंगामी रोपांच्या विक्रीत ते वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले. शहरांच्या उद्यानांत, दवाखान्यांच्या आवारांत, स्मशानभूमींत, घरोघरच्या खिडक्यांखाली तेच एक झाड, त्याच काही थोड्या वाणांचे, एकमेकांना चिकटून लावलेले दिसू लागले.

अशा सुस्थितीत 2003 साली इंग्लंडमध्ये या झाडांवर केवडा आढळला. बंदोबस्त करण्याचा प्रयत्न झाला, मधल्या काही वर्षांत रोग डोके वर काढी आणि पुन्हा दबल्यासारखा वाटे. पण 2011 च्या उन्हाळ्यात त्याने तेथे असे थैमान घातले की, पुढच्या हंगामात अनेक दुकानांनी ही रोपे विक्रीला ठेवण्याचेच बंद केले. अमेरिकेत 2004 साली काही हरितगृहांत तो दिसून गेला होता. 2011 च्या अखेरीस तो उघड्या बागांत शिरला, आणि 2012 मध्ये फ्लोरिडापासून न्यू इंग्लंडपर्यंतच्या संस्थानांतील सार्वजनिक व खासगी ताटवे त्याने उजाड केले. रोपवाटिकेच्या धंद्यात ज्याला बारमाही चलनी नाणे समजत, त्या झाडाचा भाव असा एकाएकी उतरला.

तो पाडाव कोणत्या क्रमाने होतो हे पाहण्यासारखे आहे, कारण त्या क्रमातच या रोगाचा स्वभाव प्रगट होतो. प्रारंभी काही पाने किंचित फिकट दिसतात. मालक म्हणतो, खत कमी पडले असेल. नत्राच्या उणिवेने अशीच फिकट पाने होतात, कोळी किडीचा उपद्रव झाल्यासही होतात, तेव्हा त्याची समजूत अगदीच अवास्तव नसते. तो मूठभर खत टाकतो आणि वर झारीने पाणी शिंपडतो, म्हणजे नेमके जे करू नये ते करतो. पुढे पानांच्या कडा खाली वळतात, जणू पान आपली पाठ लपवू पाहत आहे. नवी पाने लहान राहतात, कळ्या धरत नाहीत, असलेली फुले गळतात. मग एका ओल्या आठवड्यात सगळी पानगळ होते, आणि जेथे गुडघाभर फुलांचा ढीग होता तेथे पिवळट हिरवे, रसाळ दांडे, टोकाला एखाददुसरे सुकलेले पान घेऊन उभे राहतात. तेही लवकरच मान टाकतात. या साऱ्या काळात कोणी एक पान उलटून पाहिले असते, तर त्याच्या पाठीवर पिठासारखी किंवा दंव गोठल्यासारखी शुभ्र, तलम लव त्याला दिसली असती. रोगाचे सगळे राज्य त्या पाठीवर नांदत होते, आणि पाहणाऱ्याची नजर मात्र वरच्या बाजूवर, फुलांवर खिळलेली होती.

आता ही लव म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. सामान्य बोलण्यात आपण तिला बुरशी म्हणू, आणि फार काळ शास्त्रज्ञही तसेच म्हणत. परंतु सूक्ष्म विचार करता केवड्याचा जीव हा खऱ्या बुरशीच्या गोत्रातला नाही. बुरशीच्या पेशींच्या भिंती कायटिन या द्रव्याने बांधलेल्या असतात. याच्या भिंतींत वनस्पतींप्रमाणे सेल्युलोज असते, आणि वंशावळीत त्याचे आप्त शोधू गेल्यास ते समुद्रातील तपकिरी शैवलांत सापडतात. 1845 साली आयर्लंडमधील बटाट्याचे पीक कुजवून ज्याने दहा लाखांच्या आसपास माणसांचा बळी घेतला, तो करपाही याच गोत्रातील. पाण्यातल्या पूर्वजांची आठवण या जिवांनी अद्याप सोडलेली नाही. पानाच्या पाठीवर जी लव दिसते ती म्हणजे पर्णरंध्रांतून बाहेर डोकावणारी बारीक फांद्यांची झुडपेच असतात, आणि त्या फांद्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराचे सूक्ष्म बीजुककोश लटकलेले असतात. वाऱ्याने किंवा पाण्याच्या थेंबाच्या उडण्याने ते कोश दुसऱ्या पानावर पडतात. तेथे पाण्याची एक पातळ चादर जरी असली तरी ते फुटून त्यांतून दोन दोन शेपट्यांची चलबीजुके बाहेर पडतात, आणि ती अक्षरशः पोहत पोहत पर्णरंध्राचा दरवाजा शोधून काढतात.

दरवाजाशी पोहोचल्यावर ते बीजुक शेपट्या टाकून देते, स्थिर होते आणि एक बारीक तंतू आत सोडते. तो तंतू पेशींपेशींच्या मधल्या गल्ल्यांतून पसरतो व जागोजाग पेशीत शोषकाची एक गाठ रोवून तिचा रस पितो. मात्र तो पेशीला लगेच मारीत नाही. मेलेल्या पानावर या जिवाला जगताच येत नाही, म्हणून तो यजमानाला शक्य तितके दिवस जिवंत ठेवून त्याच्या कोठारावर आपली वहिवाट बसवतो. त्यामुळे रोग आत शिरल्यापासून लव बाहेर दिसेपर्यंत पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत काळ जातो, आणि त्या काळात रोप अगदी निरोगी, टवटवीत व विकण्याजोगे दिसते. एका प्रांतातील रोपवाटिकेतून दुसऱ्या प्रांतात मालमोटारींनी रोपांची रवानगी होत असताना, हा रोग कोणाच्याही डोळ्यांत न भरता शेकडो मैल प्रवास करून गेला तो याच कारणाने. 15 ते 20 अंश सेल्सियसचे गार हवामान आणि चारपाच तास न वाळणारी पाने, एवढी त्याची मागणी असते. दाट लावलेल्या, सावलीतल्या, संध्याकाळी पाणी दिलेल्या ताटव्यात ती विनासायास पुरवली जाते.

आणि झाड मरू लागले म्हणजे तरी हा जीव संपतो काय? तेथे तो दुसरेच रूप धारण करतो. दांड्याच्या आत जाड कवचाची सुप्त बीजुके तयार होतात. दांडा कुजून मातीत मिसळला की ती मातीत राहतात, आणि थंडी, बर्फ, दुष्काळ सोसून पुढच्या हंगामात त्याच वाफ्यात लावलेल्या नव्या रोपांची वाट पाहतात. याचा बीमोड उन्हाने आपोआप होईल, अशी आशा बाळगून ज्यांनी पुढल्या वर्षी त्याच जागी तीच रोपे लावली, त्यांना दुसऱ्यांदा नुकसान सोसावे लागले.

येथे वाचकाने एक भेद लक्षात ठेवावा अशी माझी विनंती आहे, कारण घरगुती बागेत निम्मी औषधे या भेदाच्या अज्ञानामुळे वाया जातात. भुरी आणि केवडा हे दोन रोग पांढरे दिसतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात. भुरी ही खरी बुरशी आहे; ती बहुधा पानाच्या वरच्या बाजूवर, पिठी साखर भुरभुरल्यासारखी पसरते, बोटाने पुसली जाते, आणि तिला पानावर पाणी साचण्याची गरज नसते; हिवाळ्यातील कोरड्या दिवसांतही ती झिनियावर आणि गुलाबावर माजते. केवडा खालून येतो, पानाच्या आतून बाहेर पडतो आणि पाण्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. भुरीवर गंधक चालते. केवड्यापुढे गंधकाचा काही उपयोग नाही, तेथे तांबे लागते.

तांब्याचा हा गुण मनुष्याच्या हाती कसा आला, त्याची हकिकत मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील द्राक्षमळे फिलॉक्सेरा नावाच्या मुळांचा रस शोषणाऱ्या माव्यासारख्या किडीने उद्ध्वस्त केले, तेव्हा त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींची खुंटे आणून त्यांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधण्याची तजवीज करण्यात आली. त्या खुंटांबरोबर द्राक्षाचा केवडा अटलांटिक ओलांडून आला आणि 1878 साली तो फ्रान्समध्ये प्रथम आढळला. एका व्याधीचे औषध आणताना दुसरी व्याधी घरात आली. 1882 च्या शरदात बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर मिलार्दे हे मेदोक भागातील साँ ज्युलियँ येथील एका मळ्याजवळून जात होते. सगळीकडच्या वेलींची पाने गळली असताना, रस्त्याच्या कडेच्या ओळींतील वेली तेवढ्या हिरव्यागार उभ्या असलेल्या त्यांना दिसल्या. चौकशी करता असे कळले की, वाटसरू द्राक्षे तोडून नेतात म्हणून मालकाने कडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचे निळे पाणी शिंपडले होते. विष असेल या भीतीने लोक हात लावीत नसत. दुसऱ्या एखाद्या माणसाने हसून ती गोष्ट सोडून दिली असती. मिलार्दे यांनी तीन वर्षे प्रयोग केले, रसायनशास्त्रज्ञ उलिस गेयाँ यांची मदत घेतली, आणि 1885 साली जे मिश्रण जगापुढे ठेवले तेच आपल्या द्राक्षमळ्यांत आजही प्रत्यही ढवळले जाणारे बोर्डो मिश्रण होय.

एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना निरनिराळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून, दोन्ही पाणी एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून शंभर लिटर करावयाचे, आणि त्यात लोखंडी विळा बुडवून त्यावर तांबूस थर चढतो की काय ते पाहावयाचे. चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावयाचा, ही रीत नाशिक-सांगलीकडील शेतकऱ्याला शाळेत न जाता येते. कोवळ्या शोभेच्या रोपांना मात्र हे मिश्रण पोळते आणि फुलांवर निळे डाग पडतात, म्हणून ताटव्यासाठी धंदेवाईक लोक आधुनिक आंतरप्रवाही औषधांकडे वळले. मेटालॅक्सिल हे त्यांतील अग्रेसर. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आले तेव्हा केवड्याचा प्रश्न कायमचा सुटला असे पुष्कळांना वाटले; पण 1980 च्या सुमारासच काकडीचा केवडा व बटाट्याचा करपा त्याला दाद देईनासे झाल्याचे आढळून आले, आणि विलायती तेरड्याच्या साथीतही त्या औषधाला न जुमानणारे वाण इंग्लंडमध्ये सापडले. एकाच कुलुपाची एकच किल्ली वारंवार वापरली, तर ते कुलूप बदलणारे काही थोडे जीव कोट्यवधींच्या गर्दीत निघतातच, आणि मग मैदान त्यांनाच मोकळे मिळते. त्यातही ही औषधे रोगाला अडवतात. लव दिसू लागल्यानंतर रोपाला बरे करण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही.

परंतु औषधांची चर्चा करताना मूळ दोष नजरेआड होऊ नये. तो दोष सारखेपणाचा आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्या घरचेच देता येते. 1965 साली आपल्या देशात बाजरीचे पहिले संकरित वाण, एच.बी. 1, प्रसृत झाले. त्याने उत्पन्न डोळे दिपवील इतके वाढवले, आणि त्यामागून आलेली काही वाणेही टिफ्ट 23 ए या अमेरिकेतील जॉर्जियात तयार झालेल्या एकाच मातृवाणापासून केलेली होती. त्या मातेला गोसावीशी झुंजण्याचे बळ नव्हते. तेव्हा तिच्या कोणत्याच लेकरात ते उतरले नाही, आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी गोसावीने या संकरित बाजरीचा असा फडशा पाडला की, ती वाणे पुढे सोडूनच द्यावी लागली. क्लॉड होपच्या तेरड्याचे तेच झाले. बुटकेपणा, भरगच्चपणा आणि लवकर फुलणे हे गुण निवडताना रोगाशी सामना देणारे गुण कोणी पाहिलेच नव्हते, कारण पाहण्याचे कारण पडले नव्हते. आणि मैलोगणती एकाच रक्ताची झाडे खांद्याला खांदा लावून उभी केल्यावर, एकाला लागलेला रोग दुसऱ्याला टाळील अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते. बाजरी बुडाली तर गरिबाची भाकर जाते आणि तेरडा बुडाला तर श्रीमंताच्या अंगणाची शोभा जाते, हा फरक मोठा आहे, तो मी नाकारीत नाही. पण दोहोंच्या मुळाशी असलेली चूक एकच आहे, आणि ती दुसऱ्यांदा झाली याचे मला मनापासून दुःख वाटते.

या आपत्तीतून शास्त्राने काही कमावलेही. न्यू गिनीच्या डोंगरांतून 1970 साली अमेरिकन संग्राहकांनी आणलेला, मोठ्या पानांचा दुसरा एक तेरडा या केवड्याला जवळपास दाद देत नाही असे दिसून आल्याने उद्यानांत त्याचा प्रसार वाढला. विलायती तेरड्यावरील जिवाला प्रथम युरोपातील रानतेरड्यावरच्या, एकोणिसाव्या शतकात वर्णन झालेल्या केवड्याचेच नाव देण्यात आले होते. पण संग्रहालयांतील जुनी वाळवलेली पाने आणि नवी रोगट पाने यांची जनुकीय तुलना केल्यावर तो निराळाच जीव ठरला, आणि त्याला विध्वंसक या अर्थाचे डिस्ट्रक्टर हे नाव मिळाले. शेवटी 2019 च्या आसपास रोगाशी टिकाव धरणारी नवी वाणे बाजारात आली. त्यांतील एकाला इमारा, म्हणजे स्वाहिली भाषेत बळकट, असे नाव दिले आहे. ज्या किनाऱ्यावरून हे झाड निघाले त्या किनाऱ्याच्या भाषेतला हा शब्द निवडणाऱ्याने उचित केले असे मी म्हणेन. ही वाणे रोगमुक्त नव्हेत, फक्त रोगाशी झुंजण्यास समर्थ आहेत, हे मात्र विसरता कामा नये.

इतर शोभेच्या झाडांचेही आपापले केवडे आहेत. डॉग फ्लॉवर, पॅन्सी, अ‍ॅलिसम, कोलियस, सूर्यफूल, प्रत्येकाचा रोगकारी जीव निराळा. कोठे लव पांढरी, कोठे करडी किंवा जांभळट. आपल्याकडे मावळात, तळेगावच्या परिसरातील हरितगृहांत जे गुलाब निर्यातीसाठी पिकवले जातात, त्यांच्या मालकांना हिवाळ्यात सर्वांत अधिक धसका या रोगाचाच असतो. पानांवर जांभळे-तपकिरी, कोनाकृती डाग पडतात आणि पाहता पाहता पाने झडतात. सुदैवाची बाब एवढीच की हे जीव आपापल्या यजमानाशी फार एकनिष्ठ असतात. गुलाबाचा केवडा तेरड्याला लागत नाही, तेरड्याचा द्राक्षाला लागत नाही. तेव्हा एका वाफ्यात तो दिसला म्हणून सारी बाग उपटण्याचे कारण नाही. त्या जातीची झाडे काढून तेथे बिगोनियासारखे दुसऱ्या कुळातले झाड लावले, तर ते सुखाने वाढते.

काढताना मात्र हयगय करू नये. रोगट रोपे दुपारी, पाने कोरडी असताना, मुळांसकट व गळलेल्या पानांसकट पिशवीत भरून बागेबाहेर घालवावीत. ती खताच्या खड्ड्यात टाकली तर सुप्त बीजुके खताबरोबर सगळीकडे पेरली जातील. त्या वाफ्यात निदान काही वर्षे तेच झाड पुन्हा लावू नये. निरोगी रोपांना पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे, झारीने डोक्यावरून नव्हे. दोन रोपांमध्ये हवा खेळेल एवढी जागा ठेवावी, जरी त्यामुळे पहिले काही आठवडे ताटवा विरळ दिसला तरी. एका रंगाच्या पन्नास रोपांऐवजी तीनचार कुळांची रोपे मिसळून लावावीत.

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे प्रदर्शन भरते, आणि त्या सुमारास गावोगावच्या रोपवाटिकांतही हंगामी रोपांची रेलचेल असते. तेथे तुम्ही रोप पसंत कराल तेव्हा ते उचलून डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि खालची दोनतीन पाने उलटून पाहा. पाठीवर पांढरी लव दिसली, तर ते रोप जागच्या जागी ठेवा, आणि रोपवाटिकेच्या मालकाला ते पान दाखवूनच पुढे जा.